वालूरचे मामा

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. कारण आमच्या कुसुमचं लग्न माझ्या शहाणपणापायी मोडता मोडता राहिलं, आणि ते शहाणपण असं, की मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पुढं वर्षभर त्यावर लोकांनी चहा ढोसला.

हल्ली ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून फोनवर लोकांना गंडवतात ना? तेव्हा घरात फोन कुणाकडं होता हो! आमच्या वेळचा भामटा स्वतः चालत दारात यायचा.

मी तेव्हा मानवतला आडतीच्या दुकानात मुनीम होतो. आई-वडील गेलेले. घरात मी आणि धाकटी बहीण कुसुम, दोघंच. पोरीचं चांगल्या घरी व्हावं, एवढी एकच काळजी माझ्या जिवाला.

त्याच दिवसांत गावात एक भामटा फिरायला लागला. नातेवाईक म्हणून घरात शिरायचा, पोटभर जेवायचा आणि जाताना काहीतरी लांबवायचा. एका घरचा हंडा गेला, दुसऱ्या घरचा रेडिओ. मला लोकांचा असा राग यायचा! “अरे, विचारत कसे नाहीत? आधी ओळख पटवायची, मग पाट मांडायचा!” हे मी इतक्यांदा ऐकवलं, की मला बघून हमालसुद्धा वाट बदलायला लागले.

आणि ज्या दिवशी कुसुमला बघायला जिंतूरहून मुलाचे काका येणार, त्याच दिवशी सकाळी धोतर-टोपीतले एक गृहस्थ दारात हजर.

“काय, ओळखलं का न्हाई?”

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं या प्रश्नाला ‘नाही’ म्हणता येतं का? नाही म्हटलं की पाहुणा रुसला आणि दहा गावांत बोभाटा झाला! मी हसरा चेहरा केला आणि डोकं खाजवलं.

“वालूरचे का?”

“आता कसं!”

“म्हंजे… बाबूमामा! आईचे मावसभाऊ!”

“लय हुशार हायेस. बरोबर ओळखलंस.”

“मामीचे गुडघे कसे हायेत?”

“दुखायलेत बग. उठता येईना तिला.”

मला तर भरूनच आलं. आईच्या माहेरचं माणूस, अगदी लहानपणी कधीतरी बघितलेलं, आणि तेही नेमकं आज! मी मामांना आग्रह करकरून जेवू घातलं आणि जेवता जेवता सगळं सांगून टाकलं. पाहुणे कुठले, मुलगा काय करतो, काका कुठल्या एसटीनं येणार. गावात भामटा फिरतोय, हेसुद्धा मीच सांगितलं.

मामा हळहळले. “जपून राहा बाबा. लोक लय बेरकी झालेत.”

दुपारी दुसरे गृहस्थ आले. “मी जिंतूरचा, मुलाचा काका.” सरळ ओळख सांगून मोकळे! मला तिथंच शंका आली. खरा पाहुणा असं कधी बोलतो का?

मी त्यांना अंगणातच अडवलं आणि उलटतपासणी सुरू केली. मुलाचं नाव? जमीन किती? मुलाच्या आईचं माहेर कुठलं? विहिरीला पाणी किती पुरुष खोल? सगळी उत्तरं बरोबर! मामा माझ्या कानाला लागले. “हे भामटे सगळं पाठ करून यायलेत रे.”

“अवो, घोटभर पाणी तरी द्या,” काका म्हणाले. “उन्हात उभं केलंय मला.”

“आधी ओळख पटू द्या!”

शेवटी मामांनीच तोडगा काढला. “तू ह्याला धरून ठेव. मी सायकलीवर जाऊन पोलीस आणतो.”

केवढा मायेचा माणूस! मी नवी कोरी सायकल काढून दिली. ऊन लागू नये म्हणून डोक्याला उपरणं दिलं. आणि उशीर होऊ नये म्हणून हातातलं घड्याळही काढून दिलं.

मामा गेले ते गेलेच. मी काकांची वाट अडवून, दोन्ही हात आडवे करून उभा. काकांचं तोंड लालबुंद. त्यांनी खिशातून एक फोटो काढून माझ्या नाकासमोर धरला. “मग ह्यो फोटो कुणाचा हाय?”

परभणीच्या स्टुडिओत काढलेला कुसुमचा फोटो! मीच पाठवलेला. शेजारी, घड्याळ दिसेल असा हात पुढं करून, मीच उभा.

कुसुम पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं काकांना पाणी दिलं, वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडं वळली.

“दादा, मामांनी सोताचं नाव एकदा तरी सांगितलं का? नाव तूच सांगितलंस, गाव तूच सांगितलंस. मामीचे गुडघेबी तूच काढलेस!”

सायकल गेली, घड्याळ गेलं, त्याचं काही नाही हो. पण पोरीचं इतकं चांगलं स्थळ मी तहानलेलं उन्हात उभं केलं होतं! मी सरळ काकांचे पाय धरले. रडलोसुद्धा, खोटं कशाला बोलू?

“काका, गाढवपणा माझा हाय. पोरीवर राग काढू नका.”

काकांनी तांब्या रिकामा केला. आधी कुसुमकडं बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडं.

“पोरगी पसंत हाय. पर लगीन याच महिन्यात उरकायचं.”

“याच महिन्यात? एवढी घाई कशाला, काका?”

“घाई नको व्हय? ही पोरगी या घरात जास्त दिवस ठेवण्यात धोका हाय. उद्या कुणीबी दारात आला, तर तुमीच त्याला नवरदेव ठरवताल, पोरीचं लगीन त्याच्यासंगं लावून देताल, अन् वर दोघांना एसटीत बसवून देऊन येताल!”