वाजलं होतं, असं मी म्हणालो

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, दादाजवळ नाही. आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं त्या वहिनींजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या घरचे नाहीत म्हणून असेल.

मी मोबाइलची ॲप बनवतो, त्यावरच माझं पोट चालतं. पहिलं ॲप मी घरासाठी बनवलं होतं. म्हणजे, घरासाठी असं मी सगळ्यांना सांगायचो. तेव्हा डिप्लोमा होऊन मी हर्सूलच्या घरी रिकामा बसलेलो. दादा वाळूजला कंपनीत शिफ्टला जायचा आणि मी दिवसभर व्हिडिओ बघून ॲप शिकायचो. आई आल्यागेल्याला सांगायची, “धाकटा कॉम्प्युटरचं करतोय.” बटण दाबलं की पडद्याचा रंग बदलतो, तेवढंच मला जमलं होतं. तेही माझं गल्लीभर दाखवून झालं होतं.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, झटके यायचे. जुना अपघात, डोक्याला मार. सकाळ-संध्याकाळ गोळी घेतली तर काही नाही, चुकली तर धोका. ती गोळी वहिनी द्यायच्या. सकाळी चहाबरोबर, संध्याकाळी देवापुढं दिवा लावला की. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी एकदाही चुकवली नव्हती. आणि त्याबद्दल कुणी कधी त्यांना चांगलं म्हटलं होतं का? मी तरी नाही.

वहिनी खुलताबादच्या. डी.एड. झालेल्या, पण लग्नानंतर ते तसंच राहिलं. पोरगी शाळेत जायला लागल्यावर त्यांना छावणीतल्या एका छोट्या शाळेत शिकवायचं काम मिळालं. आई कुरकुरली, “मग ह्यांच्या गोळ्या कोण बघणार?”

तेव्हा मी पुढं झालो. “वहिनी, तुम्ही बिनधास्त जा. मी ॲप करून देतो. ते वाजलं की गोळी द्यायची, बाकी डोक्यात काय ठेवायचंच नाही.”

हे मीच म्हणालो होतो. डोक्यात काही ठेवायचं नाही.

ॲप त्यांच्या मोबाइलमध्ये घातलं आणि ते वाजलं. वहिनींना लई कौतुक. शाळेतल्या बायांना दाखवून आल्या, “आमच्या भाऊजींनी केलंय.” माझ्या कामाला कुणीतरी पहिल्यांदाच काम म्हणत होतं. तो आनंद खोटा नव्हता — पण त्याच आनंदानं पुढं घात केला.

कारण काही आठवड्यांनी माझा स्वतःचा मोबाइल बंद पडून चालू झाला आणि त्यातलं ॲप वाजलंच नाही. आज मला माहीत आहे, मोबाइल बंद झाला की असे लावलेले गजर पुसले जातात. चालू झाल्यावर ते परत लावायला ॲपला शिकवावं लागतं. शिकाऊ माणसाची नेहमीची चूक. तेव्हा कारण कळलं नाही, पण वाजत नाही एवढं तर कळलं होतं ना? मग वहिनींना का नाही सांगितलं? “मोबाइल बंद पडला तर भरवसा ठेवू नका,” एवढंच तर म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर त्या परत चहावर आणि दिव्यावर आल्या असत्या. मग माझं ॲप कशाला हवं होतं? बघू नंतर, असं मी मनाशी म्हणालो.

शाळेत गॅदरिंगची गडबड चालू होती. वहिनी दमून यायच्या, त्यात एकदा त्यांचा मोबाइल बॅटरी संपून बंद पडला. घरी येऊन चार्जिंगला लावला, चालू झाला. त्यानंतर ॲप गप्प. वाजलं नाही म्हणजे वेळ झाली नाही, असं त्या समजत राहिल्या. तसं मीच शिकवलं होतं त्यांना.

अण्णा न्हाणीत पडले. झटका आला होता. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “गोळ्या चुकल्या का?” आईनं वहिनींकडं बघितलं. दादानंही. वहिनी म्हणाल्या, “वाजलंच नाय ओ. वाजलं असतं तर मी दिली नसती का?”

दादानं तो मोबाइल माझ्या हातात दिला. “बघ रे. वाजलं होतं का?”

मी ॲप उघडलं. पुढचा गजर लावलेला नव्हता, जागा मोकळी. काय झालंय ते मला उभ्या उभ्या कळलं. आणि मी म्हणालो —

“वाजलंय की. हे काय, इथं दिसतंय.”

काहीच दिसत नव्हतं. पण त्यात काय दिसतं ते आमच्या घरात माझ्याशिवाय कुणाला कळत होतं?

वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “व्हय का? मग मलाच ऐकू आलं नसंल.”

त्या भांडल्या असत्या तर कदाचित मी बोललो असतो. कदाचित नसतोही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, स्वतःवरचा काढून.

“बाहेर जीव गुंतल्यावर घरात ध्यान कसं राहील,” आई म्हणाली. महिना संपायच्या आत वहिनींनी शाळा सोडली. दादा कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलला नाही. मी ॲप गुपचूप दुरुस्त केलं. पुढं तेच ॲप दाखवून मला पहिली नोकरी लागली. वडिलांच्या गोळ्या त्यावर चालतात, असं मी मुलाखतीत सांगितलं. समोरची बाई भारावून गेली होती.

वहिनींचं मात्र काहीतरी कायमचं हललं. गॅस बंद केला का, कडी लावली का, तीन-तीनदा उठून बघायच्या. पोरगी काही विचारायला आली की म्हणायच्या, “पप्पाला विचार बाई, माझ्या ध्यानात राहत नाय.”

अण्णा परत धड चालले नाहीत. वहिनींनीच त्यांचं सगळं अंथरुणात केलं. गेल्या वर्षी ते गेले. दहाव्याला शेजारच्या मावशी बसायला आल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी वहिनी आपणहून सांगायला लागल्या, “माझ्याकडूनच चुकलं होतं मावशी. गोळ्या द्यायच्या राहिल्या. तिथून जे पडले ते पडलेच.”

मी दारातच उभा होतो. अण्णा गेले होते, आता त्यांना कळेल ही भीतीही उरली नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं. वहिनींचं माझ्याकडं लक्ष गेलं, त्यांनी पदरानं डोळे पुसले.

“भाऊजी, जेवला का?”

“नाही,” मी म्हणालो.

त्या उठल्या, आत गेल्या आणि माझ्यासाठी ताट वाढून घेऊन आल्या. मी बसलो आणि पोटभर जेवलो.