उजेडात बघून येतो

"जरा उजेडात बघून येतो." आण्णांच्या तोंडी हे वाक्य दिवसातून तीस-चाळीस वेळा यायचं. कोल्हापूरच्या राजारामपुरीत त्यांचं मॅचिंग सेंटर होतं. साडी घेऊन बाई आली की आण्णा कपाटातून दोन-चार तागे काढत, साडीचा पदर आणि तागा दोन्ही हातांत धरून दुकानाच्या पायरीवर जात, उन्हात मान तिरकी करून बघत आणि परत येऊन म्हणत, "ह्यो न्हाय. त्याच्या खालचा." बाईला दोन्ही सारखेच दिसत.

"ट्यूबलाइट रंग फिरवती वैनी," आण्णा म्हणत. "घरला जाऊन मलाच शिव्या घालशीला."

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा हाफ शर्ट, गळ्यात कापड मोजायचा टेप. घरात कानडी, दुकानात मराठी. विचार करायचा असला की मात्र भाषा कानडीच. "इल्ला... इल्ला..." म्हणजे नाही, नाही असं पुटपुटत ते मान हलवायचे, आणि समोरची बाई समजायची की रंग मिळत नाही. प्रत्यक्षात ते बुद्धिबळाचा विचार करत असायचे. काउंटरखाली, अस्तराच्या गठ्ठ्यांवर, एक पट कायम मांडलेला असे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते नव्वदच्या दशकात, बहिणीच्या लग्नाच्या वेळी. आई आणि बहीण तासभर रंग बघत होत्या. मी कॉलेजातला, खाली वाकून पट बघत होतो. "खेळतोस व्हय?" आण्णांनी विचारलं. मी ऐटीत हो म्हणालो. गिऱ्हाइकं सांभाळत, कात्री चालवत त्यांनी मला सतरा-अठरा चालींत मात दिली आणि म्हणाले, "लेका, तू चाल बघतोस. पट बघत न्हाईस." मागं उभी असलेली एक बाई वैतागून म्हणाली, "आण्णा, घोडं मरू दे तुमचं, माझं अस्तर फाडा आधी." आण्णांनी हसत हसत अस्तर फाडलं, आणि फाडता फाडता मला पुढची चाल सांगितली.

त्यानंतर मी त्यांच्यामागं लागलो. दर रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात आमचा दहा-बारा जणांचा क्लब भरे. तिथंही आण्णांची तीच सवय. समोरच्यानं अवघड चाल केली की ते उठत, "जरा उजेडात बघून येतो," म्हणत आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहत. आम्ही हसायचो. पट तर आत आहे, बाहेर काय बघणार?

"पट डोक्यात असतोय की," ते म्हणत. "आत बसलं की समोरच्याचं तोंड दिसतंय, त्याचंच भ्या वाटतंय. भाईर गेलं की नुसता डाव दिसतोय."

तरुणपणी ते राज्य पातळीवर खेळले होते. पुढं वडील वारले, दुकान अंगावर आलं आणि बाहेरगावच्या स्पर्धा सुटल्या. याची तक्रार मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. पण बाहेरचा कुणी नामवंत खेळाडू कोल्हापुरात आला की आण्णा दुकान बंद करून त्याचा डाव बघायला जात, आणि त्या दिवशी कुणाशी बोलत नसत.

दोन हजार सालानंतर मी त्यांच्याच गल्लीत सायबर कॅफे काढला. सहा कॉम्प्युटर आणि घुंऽऽ करणारा एक कूलर. आणि मग दोन-तीन वर्षांत आमच्या गावात ती मोठी खुली स्पर्धा आली. परदेशातले खेळाडू, ग्रँडमास्टर, एका मंगल कार्यालयात नऊ फेऱ्या. पहिल्या बक्षिसात राजारामपुरीत फ्लॅट आला असता, म्हणून बुद्धिबळ न कळणारी माणसंही त्याबद्दल बोलू लागली.

आण्णांनी नाव दिलं. तेव्हा ते पन्नाशीला आले होते. मी म्हणालो, "आण्णा, फ्लॅट घेताय काय?" ते हसले नाहीत. म्हणाले, "आपला डाव खरा हाय का नुसता दुकानातला, ते येकदा बघायचं हाय." आठ-दहा दिवस दुकान वैनींवर, म्हणजे त्यांच्या बायकोवर, सोपवून ते खेळायला उतरले.

मलाही तिथं काम मिळालं. पहिल्या पाच पटांवरचे डाव इंटरनेटवर दाखवायचे होते. एक मुलगी चिठ्ठीवर चाली लिहून आणायची आणि मी स्टेजच्या कडेला बसून त्या कॉम्प्युटरवर भरायचो. डावाच्या खाली एक चौकट होती. जगभरातली बघणारी माणसं तिच्यात काहीबाही लिहीत. पुण्याची, चेन्नईची, अमेरिकेत नोकरीला गेलेली. मीही लिहायला लागलो. माझ्या कॅफेचं नाव हेच माझं टोपणनाव. मी हॉलमध्ये बसलेला एकटा, म्हणून सगळे मला विचारायचे. कोण घामाघूम झालाय, कोण डोकं धरून बसलाय. मी सांगायचो आणि ते वाहवा करायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. दिवसभर कॅफेत लोकांची मेल उघडून देणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी विचारत होतं.

आण्णा चौथ्या फेरीनंतर पहिल्या पाच पटांत आले. मी त्यांच्याबद्दल भरभरून लिहिलं. दुकान, टेप, विभूती, सगळं. लोक वेडे झाले. कुणीतरी त्यांना 'मॅचिंग अंकल' असं नाव दिलं. सहाव्या फेरीत जिंकले, सातवीत बरोबरी. आठव्या फेरीत समोर एक तरुण ग्रँडमास्टर होता. डाव गुंतागुंतीचा झाला आणि आण्णा उठून बाहेर गेले. दहा मिनिटं झाली तरी आले नाहीत. चौकटीत लोक विचारू लागले, काय चाललंय?

मी लिहिलं. इंग्रजीत लिहिलं होतं, पण अर्थ असा: 'ते पुन्हा बाहेर गेलेत. आता बघाच, बाहेरून काहीतरी घेऊन येतील.'

आण्णा आले, बसले आणि त्यांनी हत्तीचा बळी दिला. तेरा चालींनंतर ग्रँडमास्टरनं हार मानून हात पुढं केला. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चौकटीकडं बघितलं तर तिथं कुणीतरी लिहिलं होतं की ही चाल त्यानं आपल्या कॉम्प्युटरला विचारली आणि कॉम्प्युटरनंही तीच सांगितली. त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, 'हा माणूस प्रत्येक वेळी बाहेर जाऊन येतो. काय घेऊन येतो?' त्याखाली तिसऱ्यानं माझंच वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं.

पुढच्या दोन तासांत शंभरावर माणसं त्यावर लिहीत होती. आदल्या दिवशी ज्यांनी 'मॅचिंग अंकल झिंदाबाद' लिहिलं, त्यांतलेही होते. संध्याकाळपर्यंत आयोजकांना तक्रारीच्या मेल गेल्या. हरलेल्या खेळाडूच्या प्रशिक्षकानं तर लेखी अर्जच दिला.

शेवटची फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. आण्णा पहिल्या पटावर होते. जिंकले असते तर स्पर्धा त्यांची होती. ते दारातून आत येताच पंचांनी त्यांना थांबवलं आणि सगळ्यांदेखत खिसे रिकामे करायला सांगितले. पंच बाहेरगावचे होते, हिंदी बोलणारे. आण्णांच्या खिशातून दुकानाची किल्ली निघाली, रुमाल निघाला आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर आण्णांच्या अक्षरात लिहिलं होतं: मोरपंखी ५२, शेंदरी १७, राणी ३४.

"ये रानी चौंतीस क्या है?" पंचांनी विचारलं.

"रंग हाय साहेब," आण्णा म्हणाले. "फॉलचा नंबर हाय. संपलाय, मागवायचा हाय. आमच्याकडं पटावर राणी नसती, वजीर असतोय."

दोन-तीन जण हसले. पंच हसले नाहीत. त्यांनी ती चिठ्ठी एका पाकिटात घातली, पाकिटावर सही केली आणि सांगितलं, डाव संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. आण्णांनी मान हलवली. आत जाता जाता ते माझ्या टेबलापाशी थांबले.

"मी भाईर जातो ते अमेरिकेतल्या मान्साला कसं कळलं रं?"

"नेटवर सगळं कळतं आण्णा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं क्षणभर बघितलं आणि ते पटाकडं गेले.

पाच तास ते त्या खुर्चीत बसले. पाणी प्यायले नाहीत, लघवीला उठले नाहीत. लघवीला जाण्याची परवानगी पंचांनी मध्ये एकदा दिली होती, पण एक स्वयंसेवक सोबत येणार होता. आण्णा नको म्हणाले. डाव वाईट खेळले असं नाही. चाळिसाव्या चालीपर्यंत तर तेच वरचढ होते. मग थकले. समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघायला लागले, हे मला लांबूनही दिसत होतं. एक प्यादं गेलं, मग दुसरं. त्यांनी राजा आडवा केला, हात मिळवला, कागदावर सही केली आणि खुर्चीच्या पाठीला धरून हळूहळू उभे राहिले.

चौकटीत जल्लोष चालला होता. 'बघा, बाहेर जाऊ दिलं नाही आणि हरला.' मी लिहिलं, 'ते दुकानातही असंच करतात. कापड बघायला बाहेर जातात. मी त्यांना दहा वर्षं ओळखतो.' लगेच उत्तर आलं, 'मग तूच त्याचा साथीदार दिसतोस.' त्यानंतर मी एक अक्षर लिहिलं नाही. मला माझ्या कॅफेच्या नावाची भीती वाटली. तुम्ही म्हणाल, एवढी कसली भीती? आज मलाही तिचं नीट कारण सांगता येत नाही.

तीन-चार महिन्यांनी आण्णांना आयोजकांचं पत्र आलं. 'पुरावा आढळला नाही,' असं त्यात होतं. 'चूक झाली' असं कुठं नव्हतं. तोवर ज्यांनी आरोप केले ती माणसं दुसऱ्या कुठल्यातरी स्पर्धेकडं वळली होती. गावातली मात्र वळली नव्हती. चौकात पोरं विचारायची, "आण्णा, खिशात मोबाईल न्हाय न्हवं?" क्लबात ते पुन्हा आले नाहीत. काउंटरखालचा पट गेला, तिथं अस्तराचे गठ्ठे आले. आता ते पायरीवरही जात नसत. ट्यूबलाइटखालीच दोन तागे बघायचे आणि म्हणायचे, "ह्योच घ्या." बायका कापड परत आणायला लागल्या.

एकदा ते माझ्या कॅफेत आले. पहिल्यांदाच. टोपी काढून हातात धरली होती. म्हणाले, "त्या लोकांनी काय काय लिवलंय ते मला दाव की."

मी म्हणालो, "ते पान काढून टाकलंय आण्णा."

पान होतं. एक बटण दाबायचं काम होतं.

"बरं," ते म्हणाले आणि गेले. दोन आठवड्यांनी शाहूपुरीतला एक कॅफेवाला मला भेटला. म्हणाला, तुमच्या गल्लीतले ते आण्णा माझ्याकडं दोन तास बसले होते. सगळी पानं छापून घेतली. इंग्रजी फारसं येत नसावं, बरोबर डिक्शनरी आणली होती.

मी त्यांच्या दुकानासमोरून जायचं टाळू लागलो. पण एकाच गल्लीत किती टाळणार? मेहुणीच्या लग्नात बायको हट्टानं मला त्यांच्याच दुकानात घेऊन गेली. आण्णा काउंटरमागं बसले होते. त्यांनी मान वर केली.

"या पावणं. काय दाखवू?"

आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. बायकोला वाटलं थट्टा करताहेत, ती हसली. आण्णांनी तिला कापड दाखवलं, नीट मोजलं, घडी घालून पिशवीत भरलं. आवाजात राग नव्हता. दुकानात येणाऱ्या कुणाशीही बोलावं तसं बोलत होते. मला 'लेका' म्हणणारा माणूस त्यांच्यात कुठंच नव्हता. निघताना म्हणाले, "पुन्हा या पावणं."

पुढं दोन वर्षांनी ते गेले. छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. मी तेव्हा बायकोच्या माहेरी होतो. परत आल्यावर, आठवडा उलटून गेल्यावर, त्यांच्या घरी गेलो. वैनींनी बसायला सतरंजी टाकली, चहा आणला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग त्या म्हणाल्या,

"तुम्ही त्या स्पर्धेत हुतासा न्हवं? तिथनं कोण तरी लिवत हुतं म्हनं, आमचे मालक भाईर जात्यात म्हणून. मी लई येळा इचारलं, कोण त्यो? आपल्यातलाच हाय, एवढंच म्हणायचे. नाव शेवटपर्यंत सांगितलं न्हाई. तुमास्नी ठावं असंल की."

मी कप खाली ठेवला.

"न्हाई वैनी," म्हणालो. "मला न्हाई ठावं."