लंडन एका मुक्कामावर

लंडन किती लांब आहे हे आबांना कळलं नव्हतं, तोवर आमचं बरं चाललं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. सगळी हयात मेंढरांमागं गेली. दिवाळी झाली की कळप घेऊन गोदाकाठाकडं निघायचे आणि पाऊसकाळ तोंडावर आला की नांदूरघाटला परतायचे. एकही वर्ष चुकलं नाही. अंतर ते मुक्कामात मोजायचे. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत कळप चालेल, तो एक मुक्काम.

धाकटा भाऊ लंडनला गेल्याला सहा वर्षं झाली. एकदाही आला नाही. पारावर कुणी विचारलं, तर आबा म्हणायचे, "मधी समिंदर हाय. हजार मुक्काम तरी आसतेल. कसं येईल लेकरू?" बोलताना आवाजात अभिमानच असायचा.

मी नोकरीला बीडला. दर शनिवारी मांजरसुंब्याला गाडी बदलून, बहुतेकदा उभ्यानं, गावी यायचो. त्याचं कौतुक कोणाला? घर की मुर्गी दाल बराबर. मी आणलेली औषधाची पिशवी खुंटीला लागायची आणि आबा भावाचंच विचारत बसायचे. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

त्या शनिवारी मी पार थकून आलो होतो. पायातली चप्पलही काढली नव्हती, तोच आबांनी विचारलं, "तिकडून यायला किती मुक्काम पडतेत रं?" मी वैतागून फोन काढला, बघितलं आणि सांगून टाकलं, "मुंबईपस्तोर सात हजार किलोमीटर हाय, आबा. इमानाला नऊ तास लागतेत."

आबांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजी एकच मुक्काम?"

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग कावून आला न्हाई?"

मी सावरायला गेलो. नऊ तास नुसते हवेतले, मुंबईहून गावापर्यंत अजून तेवढेच, त्यात रजा, तिकिटं, लेकरांची शाळा. आबांनी सगळं ऐकून घेतलं. पण सहा-सहा महिने पायी फिरून दरसाल घरी येणाऱ्या माणसाला मी काय पटवणार होतो?

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. एरवी आबा त्याला सांगायचे, लई लांब हाय, घाई करू नको. या वेळी म्हणाले, "नऊ तासच लागतेत म्हणं." भाऊ गडबडला. "हो आबा, पण सुट्टी..."

"बरं," म्हणून आबांनी फोन माझ्याकडं दिला.

त्यानंतर पारावर त्यांनी लंडनचं नाव काढलं नाही. मला ते बघवेना. एका शनिवारी मी थाप मारली, "आबा, माझा आकडा चुकला व्हता. मधी इमानं बदलावी लागतेत. तीन दिवस जातेत."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "तू कशाला झाकतूस? तू येतूस की."

सहा वर्षं मी एवढंच ऐकायला टपलो होतो. ऐकलं, आणि वाटलं, आपला आकडा खरंच चुकला असता तर बरं झालं असतं.