पेशी जिवंत आहेत का, असे विचारणाऱ्या मॅडम

डॉ. वत्सला गायकवाड यांची माझी पहिली भेट भिवंडीतल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाली. मी त्यांच्या हाताखाली संशोधनाला नुकतीच लागले होते. "इथं आनंदाची घाई चालत नाही," एवढेच त्या म्हणाल्या. मला त्यांची भीती वाटली. खरी भीती काय असते ते अजून कळायचे होते.

पानांच्या अर्काने चरबीच्या पेशी तयार होण्यात काय फरक पडतो, हे आम्ही पाहत होतो. चरबी साठलेल्या पेशी लाल रंग धरतात. एका रानवेलीचा अर्क घातलेल्या प्लेटमध्ये लाल काहीच दिसेना. (वेलीचे नाव मुद्दाम देत नाही.) मॅडम परगावी होत्या. मी निजामपुऱ्यातल्या घरी हरखून सांगितले, "याने चरबी बनतच नाही!" पिशवीतला पालाही दाखवला.

पंधरवड्याने मॅडम परतल्या. सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "रुबिना, या पेशी जिवंत आहेत का?"

आम्ही तपासले. बहुतेक मेलेल्या होत्या. अर्काने चरबी थांबवली नव्हती, पेशीच मारल्या होत्या.

आणि मला एकदम घर आठवले. माझ्या भाईजानची बायको, नसरीनभाभी, दोन दिवस जेवत नव्हती. मी फोन केला.

"तोच पाला उकळून पितेय ना मी," भाभी म्हणाली. "वळ गावच्या भाजीवालीकडून मागवते. तूच बोललीस, चरबी जाते. पण आता उलट्या होतात गं. अम्मी बोलते, डोळे पिवळे झालेत."

मॅडमनी पर्स उचलली. रिक्षाने घरी जाऊन आम्ही भाभीला थेट इस्पितळात नेले. यकृताला सूज होती. "दोन दिवस काही सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. भाईजानच्या नजरेला नजर देणे मला जमेना.

"मॅडम, हे माझ्यामुळे झालं."

"रडणं नंतर. पाला कोणता, किती, कधीपासून, सगळं डॉक्टरांना लिहून दे." मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "मलाही भीती वाटतेय."

ते दोन्ही दिवस त्या बाकावर माझ्याशेजारी बसून होत्या. तिसऱ्या दिवशी रिपोर्टमधले यकृताचे आकडे उतरू लागले, आणि भाभीने पेज मागितली.

पुढे मॅडम स्वतः आमच्या गल्लीत आल्या, बायकांना बसवून घडलेले सांगितले. भाजीवालीलाही भेटल्या. विभागाच्या अहवालात मात्र त्यांनी लिहिले, 'पेशींची तपासणी आधी करून घेणे माझे काम होते.' माझे नाव कुठेच नव्हते. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "शिकवणारी मी आहे ना?"

मॅडमनी आता साठी गाठली आहे. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हा सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने प्रार्थना. त्यात माझा स्वार्थही आहे. त्या नसताना एखादा फार चांगला निकाल हाती आला, तर तो कुणाला दाखवायचा, याची मला आत्तापासूनच धास्ती वाटते.