सायलेन्सर आणि माझी चप्पल

आमचे हे झाडं तोडायची कामं घ्यायचे. बदलापूरला मांजर्लीत पुराचं पाणी ओसरलं की सोसायट्यांतली झाडं कललेली असायची, मग आम्हाला बोलावणं यायचं. हे मशीनने, म्हणजे पेट्रोलवरच्या करवतीने कापणार आणि मी लांब उभी राहून वर बघणार. फांदी कडकडली की "अहो!" म्हणून हाक मारायची, एवढंच माझं काम. लाकूड आधी बोलतं, मग पडतं.

एका वर्षी मशीन दम खायला लागलं. सायलेन्सरच्या जाळीत काजळी बसली होती, धुराला बाहेर पडायला वाटच नव्हती. जाळी काढून घासली असती तर भागलं असतं. पण ह्यांना कोण सांगणार? गेले उल्हासनगरला, पोरांच्या बाइकचे सायलेन्सर फोडून देणाऱ्या मेकॅनिककडे. त्याने जाळी फेकली, आतला पत्रा कापला आणि म्हणाला, "अब देखो पावर." आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, हे आमच्याकडच्या पुरुषांच्या डोक्यात कोणी भरवलंय देव जाणे.

मशीन पळालं, खोटं कशाला बोलू. पण गरम धूर थेट अंगावर यायचा, ह्यांची पँट मांडीवर करपली. आणि आवाज असा की शेजारी उभं राहून बोललेलं कळेना.

पहिल्याच कामाला गुलमोहराची जाड फांदी होती. हे खाली वाकून कापत होते आणि वर बेचक्यात चीर उघडताना मला दिसली. मी "अहो, अहो" ओरडले. मग जन्मात पहिल्यांदा त्यांचं नाव घेऊन ओरडले. तेही ऐकू गेलं नाही. पायातली चप्पल काढली आणि फेकली, ती बसली थेट पाठीत.

सगळी सोसायटी गॅलरीत उभी. हे लालबुंद होऊन वळले, मला बोलायला तरातरा पुढे आले, आणि मागे फांदी धाडकन खाली आली. जिथे हे उभे होते, बरोबर तिथे.

ह्यांनी मशीन बंद केलं. मग फांदीखालून चप्पल ओढून काढली आणि माझ्या पायाशी आणून ठेवली. मी तिथेच बसून रडले.

दुसऱ्या दिवशी जाळीवाला नवा सायलेन्सर बसला. पुढच्या कामाला मशीन चालू होतं, फांदी गप्प होती, तरी मी हळूच हाक मारली, "अहो."

"काय गं?" हे वळून म्हणाले.

"काही नाही," म्हटलं, "कापा तुम्ही."