कॅनॉलपलीकडचं बोलणं

बंद गिरणीची जुनी चिमणी पाहायला कॅनॉलच्या कडेनं चाललो होतो. सोबत शेजारचे गणपतअण्णा. त्यांचा सगळा जन्म तिथल्या मागांवर गेला. पलीकडच्या काठावर त्यांचा जुना जोडीदार दिसला. दोघं थांबले, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवत बोलत राहिले.

"काय म्हणतायत ते?"

"चहाला ये म्हणतोय. मागांच्या खडखडाटात ऐकू कुठं यायचं? ओठच वाचायचो."

आता इथं पाण्याचाही आवाज ऐकू येतो. तरी या दोघांनी त्या खडखडाटाची जागा अजून राखून ठेवली आहे.

मलाही राहवलं नाही. पलीकडे पाहून मी तोंड भरपूर उघडून, बिनआवाजी म्हणालो, "येतो."

तिकडून ओठ हलले. अण्णा हसले.

"ओरडतोस कशाला, म्हणतोय."