वरचे दोन सेल

अंधेरी स्टेशनबाहेरच्या सेलवाल्याने मला फसवलं. नुकसान मात्र माझ्या आईचं झालं.

आईने जन्मभर वेसाव्यात मासे विकले. पाटीशेजारी तिची एक मांजर बसलेली असायची. ठरलेला वाटा दिला की आई वर एक बोंबील जास्तीचा घालायची, तोही ताजा. "वरचं शिळं द्यायचं नाय, बाये. गिऱ्हाईक ते आधी हुंगतं." भाव करायला मी तिच्याकडेच शिकले आणि त्या जोरावर स्वतःचं दुकान उभं केलं.

अर्धांगाचा झटका आल्यावर तिला चौथ्या मजल्यावर माझ्याकडे आणलं. मांजर तिकडेच राहिली. वाचा शाबूत होती, पण आई बोलेनाशी झाली. मग मी बॅटरीच्या सेलवर चालणारी मांजर आणली. पाठीवर हात फिरवला की गुरगुरायची, मान वळवायची. खेळणं आहे हे आईला कळत होतं. तरी जेवताना माशाचं डोकं ती मांजरीपुढे ठेवायची आणि बाजारातल्या गोष्टी सांगत बसायची. माझ्याशी एवढं कधी बोलली नाही.

मांजरीला चार सेल लागत. सेल संपले तेव्हा मी स्टेशनबाहेर दोन विकत घेतले आणि वर दोन फुकट मागितले.

"दोनावर दोन? ताई, दुकानच घेऊन जा ना!"

"देतोस की समोरच्याकडे जाऊ?"

पुटपुटत त्याने खालच्या खोक्यातून दोन काढून दिले. मी खूश.

काही दिवसांनी गुरगुर घोगरी झाली, मग थांबली. मागच्या झाकणाचा स्क्रू काढला, तर आत पांढरा थर आणि गंजलेल्या स्प्रिंगा. दुरुस्तीवाला म्हणाला, "जुने-नवे एकत्र घातलेत. जुने आधी संपतात आणि गळतात. चारही एकदम बदलायचे, एकाच जातीचे. आता आतलं सगळं गेलं."

आईने विचारलं, "काय झालं गं हिला?" मी खरं सांगितलं.

"वरचे होते? आणि तू बघून नाय घेतलेस?"

तेच सेल घेऊन मी त्याच्या ठेल्यावर गेले. तो हसला. "फुकटात ताजं कुठे मिळतं, ताई?" मी इतकी ओरडले की माणसं जमली. माझ्या आईच्या पाटीवर मिळायचं, तेवढंच सांगायचं राहिलं.

नवी मांजर आणली आहे, चार कोऱ्या सेलांसकट. आई तिला हात लावत नाही. माशाचं डोकं ताटातच राहतं.

त्या माणसाने चार जिने चढून माझ्या घरी यावं. आईसमोर उभं राहून तिला सांगावं, वर शिळं का घातलं ते.